जिन्यावरचे ठोके : जो मीक श्रवणसत्राच्या प्रकल्प नोंदी

१४ डिसेंबर २०२४, शनिवार

फेब्रुवारीचं श्रवणसत्र माझ्या गळ्यात पडलं. दर महिन्याला गटातलं कुणीतरी दोन तास गाणी ऐकवतं, मधूनमधून बोलतं. आजवर गायक झाले, संगीतकार झाले, एकदा नुसती सारंगी झाली. मी म्हटलं, रेकॉर्ड प्रोड्यूसर घेते. पहिल्याच फोनवर प्रश्न आला, "म्हणजे पैसे घालणारा ना?" सिनेमामुळे आपल्याकडे प्रोड्यूसर म्हटलं की खिसा आठवतो. तबकडीचा प्रोड्यूसर निराळा. कोण काय वाजवणार, माइक कुठे लावायचा, कितवा टेक ठेवायचा आणि सुई टेकल्यावर ऐकणाऱ्याच्या कानाला काय लागलं पाहिजे, हे ठरवणारा माणूस.

माणूस ठरला : जो मीक, लंडन. "त्यापेक्षा जॉर्ज मार्टिन घे, बीटल्सच्या नावावर चार डोकी जास्त येतील," असा सल्ला मिळाला. सल्ल्यात चूक काही नाही. पण बीटल्सचा प्रोड्यूसर मार्टिन, त्याच्या पाठीशी ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीची अख्खी इमारत उभी होती. मीककडे होतं एका चामडी वस्तूंच्या दुकानावरचं भाड्याचं घर, ३०४ हॉलोवे रोड. मी स्वतः दिवसभर वन बीएचकेमध्ये खिडकीला गादी टेकवून श्राव्य पुस्तकं संपादित करते. मला हाच जवळचा वाटणार.

करायची कामं : बारा-चौदा तुकडे निवडणं, चाळीस मिनिटांचं बोलणं लिहिणं, आणि मीकच्या निदान दोन-तीन युक्त्या घरी करून त्यांचं ध्वनिमुद्रण ऐकवणं. हे नुसतं सांगून पटत नाही. खर्चाला मर्यादा तीन हजार.

२२ डिसेंबर, रविवार

चरित्राचा भाग लिहिला. तो दोन पानांत आटोपायचा असं ठरवलंय. जन्म ५ एप्रिल १९२९, ग्लॉस्टरशरमधलं न्यूएंट हे छोटं गाव. लहानपणापासून शेडमध्ये रेडिओ उघडून बसण्याचा नाद. सक्तीची लष्करी नोकरी हवाई दलात, रडारवर. मग वीज मंडळात, मग लंडनला आयबीसी स्टुडिओत. गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं, नोटेशन वाचता येत नव्हतं. हे तिन्ही मुद्दाम एका ओळीत लिहिलेत. गटात दोन शास्त्रोक्त शिकलेली मंडळी आहेत, त्यांच्या भुवया वर गेलेल्या मला बघायच्यात.

दुपारभर एकच तबकडी ऐकली : ट्रंपेटवादक हम्फ्री लिटलटनची 'बॅड पेनी ब्लूज', १९५६. जॅझची, आणि तरीही ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या विसांत गेलेली. तंत्रज्ञ मीक. पियानोचा डावा हात ऐकायचा. ट्रंपेट पुढे आणि बाकीचे मागे सतरंजीवर बसलेत, अशी त्या वेळच्या जॅझ मुद्रणाची रीत. इथे डाव्या हाताचे खर्जातले सूर दाबून, जरा फाटेपर्यंत वर उचललेत. ड्रमवर फिरणारे ब्रशही इतके पुढे आहेत की केरसुणी आपल्याच कानापाशी फिरतेय असं वाटतं. लिटलटननं नंतर सांगितलं की मिक्सिंगच्या वेळी तो सुट्टीवर होता, हजर असता तर हे असं जाऊच दिलं नसतं. नशीब गावाला गेला होता.

याच्या लगेच मागे बीटल्सच्या 'लेडी मॅडोना'ची (१९६८) पहिली दहा सेकंदं लावायची. त्या पियानोचं या पियानोशी असलेलं नातं कान असलेल्या कुणालाही कळतं. बारा वर्षांचं अंतर आहे, पण डावा हात तोच.

२९ डिसेंबर

संहितेतून 'पहिला' हा शब्द सगळीकडून काढला. अकरा ठिकाणी निघाला, लाज वाटली. एका आवाजावर दुसरा चढवत जाणं गिटारवादक लेस पॉलनं अमेरिकेत आधीच केलं होतं. मेम्फिसला प्रोड्यूसर सॅम फिलिप्सचा टेपवरचा प्रतिध्वनी १९५४ सालीच एल्व्हिसच्या गळ्याला लागला होता. मीकची थोरवी सांगायला इतरांचं पुसायची गरज नाही.

मग मीकचं स्वतःचं काय? ब्रिटनमध्ये त्या काळी कंपनीचा स्टुडिओ, कंपनीचे पगारी तंत्रज्ञ, कंपनीचाच प्रोड्यूसर आणि माइक कुठे किती अंतरावर ठेवायचा याचेही नियम. आवाजाची पातळी ठरलेल्या रेघेच्या वर गेली तर सुई उडेल म्हणून तबकडी कापणारा टेप परत पाठवणार. मीकनं घरी बसून संपूर्ण टेप तयार केली, ती स्वतःकडे ठेवली आणि कंपन्यांना वापरायला दिली. डेक्का, पाय, ईएमआय, जो घेईल त्याला. पैसे लावायला मेजर विल्फ्रेड बँक्स नावाचा खेळण्यांचा व्यापारी. धंद्याचा हा साचा आज इतका सर्रास आहे की त्यात काही नवल होतं हेच सांगायला वेळ लागतो.

त्याआधी ट्रायम्फ नावाची स्वतःची कंपनी काढून बघितली होती, १९६० साली. एक गाणं पहिल्या दहांत गेलं आणि तिथेच कंपनी हरली, कारण मागणीइतक्या तबकड्या छापून मिळेनात. तिथला त्याचा भागीदार विल्यम बॅरिंग्टन-कूप. हे नाव वाचून मी खुर्चीत सरळ झाले. बायकोच्या नावावर दुसऱ्या पियानोवादकांची मुद्रणं विकल्याचं २००७ मध्ये उघडकीला आलं, तो हाच गृहस्थ. सत्रात याला जागा नाही. इथे लिहून ठेवते.

५ जानेवारी २०२५, रविवार

जुना बाजार. काम : स्प्रिंग.

मीकची एक काळी पेटी होती, कुलूपबंद. आत काय आहे ते कुणाला दाखवायचा नाही. पंख्याच्या मोडक्या हीटरमधली स्प्रिंग काढून त्यानं त्यात घुमारा, म्हणजे रीव्हर्ब, तयार केला होता. आवाज स्प्रिंगच्या एका टोकाला द्यायचा. तो तारेच्या वेटोळ्यांतून पळतो, दुसऱ्या टोकाला आपटून परत येतो, पुन्हा जातो. दुसऱ्या टोकाला तो उचलला की कोरडा आवाज एकदम विहिरीत उभा असल्यासारखा लागतो.

टेबल-दिव्याच्या हातातल्या दोन स्प्रिंगा मिळाल्या, चाळीस रुपये. तपकीर गल्लीतली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आज बंद, दुसऱ्या टोकाला आवाज उचलायला बझरची पितळी चकती उद्या घेईन.

८ जानेवारी

दिव्याची स्प्रिंग फुकट गेली. फार ताठ. बोललं की उलथनं तव्यावर आपटल्यासारखं टिण् होतं आणि संपतं.

रात्री दहा वाजता पडदा सरकवताना डोक्यात प्रकाश पडला. पडद्याची स्प्रिंग! तीच, दोन हुकांमध्ये ताणून बसवतात ती. वरचं पांढरं प्लास्टिक ब्लेडनं सोलून काढलं, आत बारीक तारेची घट्ट वेटोळी. दोन फूट कापली. एका टोकाला जुन्या ट्रान्झिस्टरच्या स्पीकरच्या कागदावर फेविक्विकनं आकडा चिकटवला, दुसऱ्या टोकाला बझरची चकती, सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. फोनवरून माझाच आवाज आत सोडला. बाहेर आला तो भुताच्या सिनेमातला. हललं की डबा गडगडतो, त्यामुळे मुद्रण चालू असताना श्वास रोखून उभं राहावं लागतं. पण चालतंय! आतापर्यंत खर्च २१५ रुपये आणि एक पडदा.

मग माझ्या संगणकातलं स्प्रिंगच्या घुमाऱ्याचं तयार बटण दाबून बघितलं. तेच, जास्त स्वच्छ. गडगडाट तेवढा नाही. पत्र्याच्या डब्याचंच ऐकवणार.

हे करताना एक गोष्ट स्वतःशी कबूल करावी लागली. माझ्या रोजच्या कामात वाचणाऱ्याच्या तोंडापासून माइक चार बोटांवर असतो. कॉम्प्रेसर कायम लावलेला असतो, म्हणजे मोठे आवाज दाबायचे आणि मग सगळंच वर उचलायचं, रिक्षातही ऐकू गेलं पाहिजे म्हणून. मी याला 'नैसर्गिक आवाज' म्हणते आणि तसंच बिल लावते. समोर बसलेल्या माणसाचा आवाज असा कधीच ऐकू येत नाही. मीकच्या सहकाऱ्यांना त्याचं काम विकृत वाटायचं, ते याच कारणांसाठी : माइक नको इतका जवळ, कॉम्प्रेसर नको इतका घट्ट, पातळी लाल रेघेत. ड्रमच्या पुढ्यात, गिटारच्या अँप्लिफायरला चिकटून माइक लावणारा आजचा प्रत्येक रॉक मुद्रक तेच करतोय. सत्राचा कणा हाच ठेवायचा. मीकचा ठसा शोधायला दुर्मीळ तबकड्यांत जावं लागत नाही, माझ्या कामाच्या कोऱ्या टेम्प्लेटमध्ये तो आधीपासून बसलेला आहे.

१२ जानेवारी, रविवार

'टेलस्टार'चा दिवस.

१० जुलै १९६२ ला टेलस्टार उपग्रह वर गेला आणि अटलांटिकपलीकडून दूरचित्रवाणीची चित्रं थेट येऊ लागली. मीकनं ती पाहिली आणि धून सुचली. वाजवता येत नसल्यानं त्यानं ती दुसऱ्याच कुठल्या तरी तालाच्या टेपवर गुणगुणून ठेवली. त्याची अशी बेसूर गुणगुण आजही ऐकायला मिळते. त्यातून नेमकी धून काढणाऱ्या वादकांना माझा दंडवत. वादक म्हणजे टॉर्नेडोज. त्या उन्हाळ्यात ते ग्रेट यार्मथला बिली फ्यूरी या गायकाच्या मागे वाजवत होते. लंडनला आले, मीकच्या घरात घाईनं आपापलं वाजवलं आणि पुढच्या खेळासाठी पळाले. धुनीचा मुख्य आवाज ते गेल्यावर चढला. मीकसाठी गाणी लिहिणाऱ्या जेफ गॉडर्डनं क्लॅव्हिओलिन या विजेच्या वाद्यावर वाजवला, शेवटी शब्दांशिवाय गायलाही तोच.

म्हणजे ज्यांच्या नावावर तबकडी निघाली त्यांनीही ती पूर्ण झालेली वाजवली नव्हती. कुणी कधी, कुठे, एकत्र बसून ते संगीत सादर केलेलंच नाही. ते फक्त टेपवर घडलं. पुढे रॉकमध्ये महिनोन् महिने स्टुडिओत बसून अल्बम 'बांधण्याची' जी रीत पडली, तिचा एक धागा या घरातून जातो. तबकडी ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली आणि डिसेंबरात अमेरिकेतही पहिली आली. ब्रिटिश बँडला ते त्याआधी जमलं नव्हतं. बीटल्सना तिथे पोचायला अजून तेरा-चौदा महिने होते.

आता माझी लाडकी गोष्ट. क्लॅव्हिओलिन हे कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसानं १९४७ च्या सुमाराला केलेलं वाद्य. पियानोच्या कडेला अडकवायची छोटी पट्टी, एका वेळी एकच सूर. पश्चिमेत ते हौशी ऑर्केस्ट्रांचं वाद्य होतं. आणि १९५४ साली मुंबईत, हेमंतकुमारांच्या संगीतात, कल्याणजींनी त्यावर वाजवली ती 'नागिन'ची पुंगी! मीकच्या आठ वर्षं आधी. गणपतीच्या मिरवणुकीत ज्या बीनवर माणसं रुमाल दातात धरून नाचतात ती बीन त्याच जातीच्या विजेच्या डब्यातून आलेली आहे. एकानं त्यात साप पाहिला, दुसऱ्यानं उपग्रह. १९६७ मध्ये जॉन लेननही त्यावर वाजवून गेला.

क्रम : आधी 'नागिन', काही न सांगता. ते संपताच 'टेलस्टार'. मग गप्प बसायचं.

('टेलस्टार'च्या पैशांचं एका परिच्छेदात : फ्रेंच संगीतकार जाँ लेद्र्यूनं धून आपल्या चित्रपटातल्या संचलनगीतावरून चोरल्याचा दावा लावला, मानधन गोठलं. निकाल मीकच्या बाजूनं लागला, पण तो मेल्यावर. जगभर लाखांनी खपलेल्या तबकडीचा कर्ता भाड्याच्या घरात कर्जात बसला होता.)

१८ जानेवारी, शनिवार

जिन्याचा प्रयोग. १९६४ चं 'हॅव आय द राइट', गट हनीकूम्ब्स. ड्रमवर हनी लँट्री ही मुलगी, आधी केशभूषेच्या दुकानात काम करणारी. नावातले मध आणि कंगवा तिथून आलेले. धृपदात जे धाड-धाड येतं ते नुसत्या ड्रमचं नाही. मीकनं मुलांना घराच्या लाकडी जिन्यावर उभं करून पाय आपटायला लावले आणि कठड्याला पाच माइक अडकवले, सायकलच्या क्लिपांनी. शिवाय एक खंजिरी थेट माइकवरच आपटली. गाणं ब्रिटनमध्ये पहिलं आलं.

आमच्या सोसायटीचा जिना सिमेंटचा. त्यावर नाचलं तरी फट् फट् होतं. मग आत्याचा वाडा आठवला. सदाशिव पेठ, दोन मजले, जिना सागवानी, मधल्या पायऱ्यांना खळगे पडलेले. आत्या तळमजल्यावर असते, वरचा मजला बंद. फोन केला, तर म्हणाली, "ये की. जिना माझा नाही, पडायला आलाय तेवढा संभाळून."

क्लिपा कुठून आणायच्या या विचारात होते. आत्यानं कपाटाचा खालचा खण ओढला, त्यात आतोबांच्या दोन क्लिपा. पँटचा पाय चेनमध्ये जाऊ नये म्हणून घोट्याला लावायच्या, त्या. आतोबा खडकीला कारखान्यात सायकलनं जायचे, जाऊन येऊन रोज. पत्र्याला आतून गंज धरलाय, स्प्रिंग अजून कडक. कॉलरला लावायचे दोन बारके माइक या क्लिपांनी कठड्याच्या गजांना बसले, इतके नेमके की मी हसत सुटले. तिसरा मोठा माइक जिन्याखाली, केरसुणीच्या कोपऱ्यात.

आपटणारे : मी, तेरा वर्षांचा भाचा आणि त्याचे दोन मित्र. अनवाणी पाय कमी पडले. चपला घातल्यावर टाळीसारखा आवाज यायला लागला. शेवटी एक पाय चप्पल, एक पाय अनवाणी, तेव्हा जमलं : खाली धब्, वर चट्. सहाव्या टेकला खालून आत्याचा आवाज, "अगं, माती पडतेय माझ्या आमटीत!" आम्ही म्हटलं, एकच राहिलाय आत्या. तो एक, मग आणखी एक. नवव्या टेकला तिनं कपडे वाळत घालायची काठी घेतली आणि खालून तक्तपोशीला ठोकली. ठक्. पोरं हसून लोळली, टेक वाया.

मीकचीही हीच गत सांगतात. खालच्या दुकानातली घरमालकीण व्हायोलेट शेंटन झाडूच्या दांड्यानं छत ठोकायची, आणि हा जिन्यात स्पीकर ठेवून आवाज आणखी वाढवायचा. हा किस्सा संहितेत आहेच, हमखास हशा. त्याला आता आत्याची काठी जोडता येईल.

आमटी नवी टाकावी लागली. डाळ मी निवडली.

१९ जानेवारी

मिक्सिंग. तीन माइकांचे ठोके एकावर एक, वर पडद्याची स्प्रिंग, वर कॉम्प्रेसर घट्ट. मग सगळ्याचा वेग जरासा वाढवला. तोही मीकचाच आवडता खेळ : गाणाऱ्याचा गळा किंचित कोवळा होतो आणि ताल दोन कप चहा जास्त प्यायल्यासारखा पळतो. दोन तेरा वर्षांची पोरं, एक भाचा आणि एक पंचेचाळीशीची बाई मिळून चाळीस माणसांची पलटण झाली आहे.

नवव्या टेकमधली आत्याची काठी काढता येत नाहीये. नेमका तोच टेक सगळ्यात चांगला. काठीचा आवाज तिन्ही माइकांत घुसलाय.

२३ जानेवारी

गटप्रमुखांचा निरोप : सत्र ३ फेब्रुवारीला ठेवू या का, पुण्यतिथी आहे, औचित्य साधेल.

मी नको म्हटलं. ३ फेब्रुवारी १९६७ ला सकाळी मीकनं व्हायोलेट शेंटनला बंदुकीनं मारलं आणि मग स्वतःला. अमेरिकी रॉक गायक बडी हॉलीही ३ फेब्रुवारीलाच गेला होता, १९५९ साली, आणि मीकचं हॉलीवेड इतकं की तो त्याच्या आत्म्याशी बोलायचे प्रयोग करायचा. त्यामुळे ही तारीख रॉकच्या दंतकथांत हौसेनं मिरवते. ज्या दिवशी त्यानं एका बाईला मारलं त्या दिवसाला पुण्यतिथी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्या रात्री शेवटचा भाग पुन्हा लिहायला घेतला. त्याची बाजू नाही असं नाही. पुरुषांचे समलिंगी संबंध तेव्हा इंग्लंडात गुन्हा होते. १९६३ मध्ये सार्वजनिक शौचालयातल्या प्रकरणावरून त्याला अटक आणि दंड झाला, बातमी छापून आली, मग धमक्या देऊन पैसे उकळणारे आले. कायदा बदलला तो तो मेल्यावर पाच-सहा महिन्यांनी. नशेच्या गोळ्या, कर्ज, गाणी चालेनाशी झालेली, भिंतींत चोरटे माइक लपवलेत असा संशय. अमेरिकी प्रोड्यूसर फिल स्पेक्टरचा फोन आला तर माझ्या कल्पना चोरल्यास म्हणून ओरडून आपटला, असं सांगतात. हे सगळं खरं आहे आणि ते सगळं मी वाचणार आहे.

पण झाडूचा किस्सा परत वाचला आणि अडकले. मी तो विनोद म्हणून लिहिला होता. हेडफोनमध्ये आत्याची काठी सात वर्षं रोज वाजत राहिली तर? ठक्, ठक्, आणि उत्तरादाखल वरून आवाज आणखी मोठा. खाली दुकान चालवणारी बाई, वर रात्रंदिवस पाय आपटणारी पोरं, आणि शेवटी तीच वर गेली. किस्सा ठेवला, हशाची जागा काढली. तिचं नाव शेवटी तळटीपेसारखं येत होतं, ते सुरुवातीला घराच्या वर्णनात आणलं : ३०४ हॉलोवे रोड, खाली शेंटन यांचं दुकान, वर मीक.

सत्र ८ फेब्रुवारीला.

२६ जानेवारी

वादकांची यादी, पटापट. मीकच्या घरी उमेदवारी केलेले : रिची ब्लॅकमोर (पुढे डीप पर्पल या रॉक गटात), स्टीव्ह हौ (पुढे येस या गटात), मिच मिचेल (पुढे जिमी हेंड्रिक्सचा ड्रमर). टॉर्नेडोजमधला गिटारवाला जॉर्ज बेलमी, त्याचा मुलगा म्यूझ या रॉक गटाचा मॅथ्यू बेलमी. म्यूझचं 'नाइट्स ऑफ सिडोनिया' (२००६) 'टेलस्टार'नंतर लावलं की बापाचा घोडा मुलगा पळवतोय असं वाटतं. गटातल्या कॉलेजच्या पोरांसाठी हा तुकडा ठेवला.

१ फेब्रुवारी

रंगीत तालीम, घरीच. दोन तास पंचवीस मिनिटं झाली. कापाकापी.

'आय हिअर अ न्यू वर्ल्ड' दहा मिनिटांवरून तीनवर आणलं, मन घट्ट करून. १९६० ची ही त्याची चंद्रावरच्या जीवनाची कल्पना : पाण्यात नळीनं सोडलेले बुडबुडे, मोरीतून घळघळणारं पाणी, दुधाच्या बाटल्यांवर वाजवलेले चमचे. तेव्हा त्यातला जेमतेम तुकडा बाजारात आला, पूर्ण संग्रह निघाला १९९१ मध्ये. मला ते गोड वाटतं, मास्टरपीस वाटत नाही. चेंगट आवाजातली चंद्रावरची माणसं दुसऱ्या गाण्यानंतर डोकं उठवतात. त्याच्या नावाला आता जी 'काळाच्या पुढचा वेडा' अशी प्रभावळ लावतात ती या एका तबकडीवर फार टेकली आहे. त्यापेक्षा 'जॉनी रिमेंबर मी' (१९६१) ऐका : घोडदौडीचा ताल, मागे ओसाड माळावरून आल्यासारखी बाईची हाक, भाड्याच्या घरात केलेलं वादळ. आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं. माणसांना हवंसं वाटणारं आणि तरी विचित्र, हे त्याला जमत होतं.

टेपांचं राहिलं होतं, ते एका मिनिटात : मेल्यावर घरातल्या टेपा सदुसष्ट चहाच्या खोक्यांत भरल्या गेल्या, तीनशे पौंडांना विकल्या गेल्या. घेणारा क्लिफ कूपर, पुढे ज्यानं ऑरेंज अँप्लिफायर काढले. अनेक दशकं त्या पडून होत्या. २०२० मध्ये चेरी रेड कंपनीनं घेतल्या, आता एकेक करून बाहेर येताहेत.

टेड फ्लेचरचं वाक्यही ठेवलं. तो मीककडे कोरसमध्ये गायचा. नव्वदच्या दशकात त्यानं हिरव्या रंगाचे कॉम्प्रेसर विकायला काढले, वर नाव : जोमीक. ज्या दाबलेल्या आवाजाबद्दल बोलणी खाल्ली तो दुकानात मिळू लागला.

८ फेब्रुवारी, शनिवार

सत्र झालं. सव्वीस माणसं. जॉर्ज मार्टिनला तीस आली असती, असो.

'नागिन' सुरू होताच एका काकांनी मान डोलवायला घेतली, ती 'टेलस्टार' लागल्यावर डोलतच राहिली. मधला सांधा त्यांना कळलाच नाही. मग थांबली. "अरे, ही पुंगीच की!" मी गप्प. दोन महिन्यांच्या कष्टांचे पैसे तिथे वसूल झाले.

बिस्किटांचा डबा हातोहात फिरला. तिसऱ्या रांगेत कुणीतरी उघडून बघितला आणि चकती निखळली.

गायन शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "गाता येत नाही, वाजवता येत नाही, मग हा संगीतकार कसा?" मी 'बॅड पेनी ब्लूज'चा डावा हात पुन्हा लावला. त्या म्हणाल्या, हे पियानोवाल्याचं कौतुक. मी म्हटलं, पियानोवाल्यानं वाजवलं तसं ते नाहीये. वाद तिथेच राहिला, चहापर्यंत चालू होता, मला वाटतं त्या हरलेल्या नाहीत.

शेवटच्या भागानंतर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका मुलीनं विचारलं, शेंटनबाईंचा फोटो आहे का? पडद्यावर मीकचे चार फोटो लावले होते. तिचा एकही नव्हता.

१० फेब्रुवारी

हिशेब : ६८० रुपये, पडदा धरून. नोंदवहीत चढवलं.

संध्याकाळी आतोबांच्या क्लिपा परत करायला वाड्यावर गेले. आत्यानं त्या पदराला पुसून परत खणात ठेवल्या. म्हणाली, एवढी माती पाडलीत, ऐकव तरी काय केलंत ते. हेडफोन तिला जड होतो, म्हणून फोनवरच लावलं, ओट्यावर ठेवून. पलटण आली, धब्-चट्, धब्-चट्. मी नवव्या टेकची वाट बघत होते, ओशाळून. ठक् आलं.

"हा माझा?"

"हो. काढता आला नाही."

तिनं पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी ओट्यावर बोटानं ताल धरला. ठक् पुन्हा आलं.

"चौथ्यावर बरोबर पडलाय," आत्या म्हणाली. "जरा मोठा कर त्याला."